राष्ट्रीयत्वाचा बाजार

इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यातील एखादा जॉबर कामासाठी सुरतेस गेला आणि त्याने आपली जुनी मोटारसायकल बरोबर नेली, तर मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमानुसार बारा महिन्यांनंतर त्या गाडीची नोंदणी त्याला गुजरातेत करून घ्यावी लागते. ना हरकत दाखला आणणे, कचेरीत खेटे घालणे, नव्या राज्याचा कर भरणे हे सारे त्याच्या वाट्याला येते. वाहन जेथे चालते तेथे त्याची नोंद असावी आणि तेथील सार्वजनिक तिजोरीत त्याचा कर पडावा, हे या कलमामागील तत्त्व आहे. तत्त्व म्हणून ते रास्तच आहे.

परंतु हेच वाहन शेकडो कोटी रुपये किमतीचे खाजगी जेट विमान असले, की तत्त्व उलटे होते. तेथे मालकाला प्रथम विचारले जाते की, आपल्या विमानाला कोणत्या देशाचे राष्ट्रीयत्व हवे? लंडनमध्ये राहणारा, जिनिव्हात पैसा ठेवणारा आणि नीसच्या किनाऱ्यावर सुटी घालवणारा धनिक आपले विमान आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन या बेटावर, कॅरिबियन समुद्रातील अरुबात, केमन बेटांवर, माल्टात किंवा सान मारिनोत नोंदवू शकतो. कोठे कर कमी, कोठे मालकाचे नाव झाकता येते, कोठे काम झटपट होते, हे सांगणारे सल्लागार आणि वकील त्याच्या दिमतीला असतात. राष्ट्रीयत्व ही त्याच्यासाठी बाजारात निवडून घेण्याची वस्तू झाली आहे.

हा मूठभर श्रीमंतांच्या चैनीचा विषय. श्रमिकांच्या चळवळीला त्याचे काय, असे काही साथींना वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः संबंध अगदी निकटचा आहे. ज्याला आपला देश, आपला कायदा आणि आपला कर निवडता येतो, त्याने न भरलेला कर ज्याला हे काहीच निवडता येत नाही त्याच्याकडून वसूल होतो. तो कसा, हे पाहण्यास खाजगी विमानाइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

नोंदणी म्हणजे जबाबदारी

विमानाला राष्ट्रीयत्व असते ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१९च्या पॅरिस करारात असे स्पष्ट कलम होते की, जे विमान संपूर्णपणे आपल्या नागरिकांच्या मालकीचे आहे त्याचीच नोंद एखाद्या राष्ट्राने करावी. मालक ज्या देशाचा, विमान त्या देशाचे, असा तो साधा न्याय होता. १९२९च्या दुरुस्तीने हे बंधन सैल करून नोंदणीच्या अटी ज्या त्या राष्ट्राच्या कायद्यावर सोपवण्यात आल्या. ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या शिकागो कराराने तेच धोरण पुढे चालवले. त्याचे १७वे कलम सांगते की, विमान जेथे नोंदले असेल त्या राष्ट्राचे ते समजावे. १८वे कलम एकाच वेळी दोन राष्ट्रांतील नोंदणी अवैध ठरवते. नोंदणी कोणत्या अटींवर करावी, हे मात्र १९वे कलम राष्ट्रीय कायद्यावर सोडून मोकळे होते. मालक आणि राष्ट्र यांच्यात खरा संबंध असावा, असे हा करार कोठेही म्हणत नाही. आजचा सारा व्यापार या मौनावर उभा आहे.

आणि नोंदणी ही केवळ शेपटावर रंगवलेली अक्षरे नव्हेत. विमान उडण्यास योग्य आहे की नाही, त्याची देखभाल कोणी व कशी करावी, वैमानिकाचा परवाना कोणता चालेल, या सर्वांची प्राथमिक जबाबदारी नोंदणी करणाऱ्या राष्ट्रावर असते. ज्यांच्या घरांवरून ते विमान जाते त्या लोकांना दिलेली ती एक सार्वजनिक हमी आहे. हमी देणारा आणि ज्याच्यासाठी ती द्यायची तो, यांच्यात काही नातेच नसेल, तर त्या हमीची किंमत काय?

ही किंमत १२ मार्च २०२२ रोजी जगाला दिसली. रशियन विमान कंपन्या वापरत असलेली सातशेहून अधिक विमाने अटलांटिक महासागरातील बर्म्युडा या ब्रिटिश बेटावर नोंदलेली होती. त्यांतील बहुसंख्य विमाने परदेशी कंपन्यांकडून भाडेपट्ट्याने घेतलेली. युक्रेनवरील आक्रमणानंतर निर्बंध आले आणि आता या विमानांच्या सुरक्षिततेची खात्री देता येत नाही असे सांगून बर्म्युडाने त्यांची उड्डाणयोग्यतेची प्रमाणपत्रे स्थगित केली. पुढे रशियाने ती विमाने परस्पर स्वतःकडे नोंदवून १८व्या कलमाचा भंग केला, तो गुन्हा त्याचा. पण एवढ्या मोठ्या देशाचा विमानताफा दूरच्या एका बेटाच्या नावावर होताच कसा, हा प्रश्न त्याआधीचा आहे. ज्या दिवशी जबाबदारी खरोखर पार पाडण्याची वेळ आली, त्या दिवशी ते राष्ट्रीयत्व कागदाच्या एका फटकाऱ्यासरशी संपले.

बेटाचे दुकान

आता आइल ऑफ मॅनकडे वळू. हे बेट ब्रिटिश राजसत्तेच्या अखत्यारीत आहे, परंतु युनायटेड किंग्डमचा भाग नाही. २०२१च्या गणनेनुसार लोकवस्ती सुमारे ८४ हजार. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम तालुक्याहूनही कमी. सर्वसाधारण कंपन्यांवर तेथे नफ्याचा कर शून्य, भांडवली लाभावर कर नाही, वारसा कर नाही. या बेटाने १ मे २००७ रोजी, कामगार दिनाच्या मुहूर्तावर, आपली विमान नोंदणी सुरू केली. ही नोंदणी प्रवासी वाहतूक करणाऱ्या विमानांसाठी मुळीच नाही. खाजगी आणि कंपन्यांच्या स्वतःच्या विमानांपुरतीच आहे. पुढे दहा-अकरा वर्षांत एक हजाराहून अधिक विमानांनी या नोंदवहीतून आपली ओळख घेतली. तेथे एवढे धनिक राहतात म्हणून हे घडले, असे कोणी समजू नये.

नोव्हेंबर २०१७मध्ये ‘पॅराडाइज पेपर्स’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांनी या दुकानाची आतली बाजू उघड केली. व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. युरोपीय संघात विमान आणताना त्यावर मूल्यवर्धित कर लागतो. ब्रिटनमध्ये आणि या बेटावर त्याचा दर २० टक्के. धंद्यासाठी घेतलेल्या मालावर भरलेला कर धंदेवाल्यास परत मिळतो, कारण तो पुढे अंतिम ग्राहकाकडून वसूल होणार असतो. कापडाच्या व्यापाऱ्याला हा नियम योग्यच आहे. पण स्वतःच्या सुखासाठी विमान घेणारा हा स्वतःच अंतिम ग्राहक असतो. त्याने कर भरलाच पाहिजे. त्यावर तोडगा असा काढण्यात आला. मालकाने बेटावर एक कंपनी काढायची. विमान त्या कंपनीचे. कंपनीने ते मधल्या एखाद्या कंपनीला भाड्याने द्यायचे आणि तिच्याकडून ते फिरून मूळ मालकाच्या सेवेत यायचे. आपणच आपल्याला विमान भाड्याने दिले, की कागदोपत्री ‘विमान भाड्याने देण्याचा धंदा’ सिद्ध होतो आणि कर परत मिळतो.

या कागदपत्रांवरून प्रसिद्ध झालेला हिशेब असा: २०११पासून अशा २३१ भाडेपट्ट्यांपोटी या बेटाने सुमारे ७९ कोटी पौंडांचा कर परत केला. एका जगप्रसिद्ध मोटारशर्यतपटूच्या १.६५ कोटी पौंडांच्या एकाच विमानावर ३३ लाख पौंड परत गेले. व्यवस्था कायदेशीर होती, असे त्याच्या वतीने सांगण्यात आले. गैरव्यवहार आढळला नाही, असे बेटाच्या सरकारनेही म्हटले आणि ब्रिटिश खजिन्यास तपासणीसाठी पाचारण केले. युरोपीय आयोगाचे मात्र समाधान झाले नाही. नोव्हेंबर २०१८मध्ये त्याने या करसवलतींविरुद्ध नियमभंगाची कारवाई सुरू केली.

नोंदणी आणि कर ही दोन खाती वेगळी आहेत, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. करपरतावा मिळालेले प्रत्येक विमान त्या बेटावरच नोंदलेले होते असे नव्हे. परंतु एकाच दुकानाच्या या दोन खिडक्या आहेत. एका खिडकीवर राष्ट्रीयत्व मिळते, दुसरीवर करातून सुटका. आणि गिऱ्हाईक एकच.

सान मारिनोचे उदाहरण याहून बोलके आहे. चारी बाजूंनी इटलीने वेढलेले हे ६१ चौरस किलोमीटरचे डोंगरी प्रजासत्ताक. त्याला स्वतःचा आंतरराष्ट्रीय विमानतळ नाही. तरीही त्याची नोंदणीची अक्षरे मिरवणारी जेट विमाने जगभर फिरतात. ज्या देशात ती उतरूही शकत नाहीत, त्या देशाची ती ‘नागरिक’ आहेत.

पडद्याआडचा मालक

करापेक्षाही कित्येकांना हवा असतो तो पडदा. अमेरिकेचा कायदा वरकरणी कडक दिसतो: तेथे विमान नोंदवण्यास नागरिक, कायम रहिवासी किंवा अमेरिकी कंपनी असावे लागते. पण परदेशी मालकाने विमान एखाद्या अमेरिकी विश्वस्ताच्या नावावर केले की ही अट पुरी होते. नोंदवहीत विश्वस्ताचे नाव. उपभोग घेणारा आड. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च २०२०च्या अहवालात दाखवून दिले की, सुमारे तीन लाख विमानांची ही नोंदवही प्रामुख्याने अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनावर विसंबून चालते आणि खरा मालक कोण याची पुरेशी शहानिशा होत नाही. नोंदणीचे शुल्क तेव्हा पाच डॉलर होते.

या पडद्याचा परिणाम मानवी प्राणांवर कसा होतो, हे २१ जानेवारी २०१९च्या रात्री दिसले. अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधील नांतहून वेल्समधील कार्डिफला एका लहान खाजगी विमानातून निघाला आणि विमान इंग्लिश खाडीत कोसळले. साला अवघा २८ वर्षांचा होता. वैमानिकाचा मृतदेह कधीच सापडला नाही. विमान अमेरिकेत नोंदलेले, नोंदीवर नाव विश्वस्ताचे, वापर ब्रिटनमध्ये. वैमानिकाकडे पैसे घेऊन उतारू नेण्याचा परवाना नव्हता, रात्री उडवण्याचे प्रशिक्षण नव्हते, आणि परदेशी नोंदणीच्या विमानातून भाड्याने उतारू नेण्यास लागणारी परवानगीही घेतलेली नव्हती. विमानात विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू शिरला असावा, असा निष्कर्ष ब्रिटिश तपास यंत्रणेने काढला. उड्डाण जुळवून आणणाऱ्यास नोव्हेंबर २०२१मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. परदेशी नोंदणीमुळे विमान पडले, असा माझा दावा नाही. परंतु नोंदणी एका देशात, वापर दुसऱ्या देशात आणि मालकी विश्वस्ताच्या आड असली, की नियम मोडणाऱ्यास वेळीच कोण अडवणार, याचे उत्तर निसरडे होते. त्या निसरड्या जागेवर दोन माणसे गेली.

समुद्रावरचा धडा

हा सारा खेळ प्रथम समुद्रावर खेळला गेला. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी जहाजमालक पनामाकडे वळले. १९४८मध्ये लायबेरियाची जहाज नोंदणी उभी राहिली, ती अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री एडवर्ड स्टेटिनियस यांच्या पुढाकाराने. मालक न्यूयॉर्कचा किंवा ग्रीसचा, खलाशी गरीब देशांतले, ध्वज लायबेरियाचा. यांना ‘सोयीचे ध्वज’ असे नाव पडले. सोय अर्थातच मालकाची. १९६७मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर फुटलेले ‘टॉरी कॅन्यन’ आणि १९७८मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर फुटलेले ‘आमोको कादिझ’ ही दोन्ही तेलवाहू जहाजे लायबेरियाच्या ध्वजाखाली होती. तेल वाहून आले ते ब्रिटनीच्या कोळ्यांच्या जाळ्यांत. लायबेरियाच्या किनाऱ्याला त्याचा थेंबही लागला नाही. अशा ध्वजांच्या जहाजांवर पगार थकलेल्या खलाशांत आपल्या कोकणातली मुलेही असतात.

वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९४८पासूनच या ध्वजांविरुद्ध मोहीम धरली. तिसऱ्या जगातील देशांच्या आग्रहामुळे संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर १९८६मध्ये जहाज नोंदणीच्या अटींचा करार तयार झाला आणि जहाज व ध्वज यांच्यात ‘खरा संबंध’ असावा, हे तत्त्व त्यात सविस्तर मांडले गेले. तो करार आजतागायत अमलात आलेला नाही, कारण आवश्यक तेवढ्या राष्ट्रांनी त्यास मान्यताच दिली नाही. तरीही समुद्रावर निदान तत्त्व लिहिले गेले, त्यासाठी भांडणारी संघटना उभी राहिली. आकाशात तेवढेही नाही. जहाजावर खलाशी असतात, ते संघटित होऊ शकतात. खाजगी विमानात दोन-तीन नोकर आणि एक मालक. म्हणूनच हा प्रश्न ज्यांचा कर बुडतो त्यांनी हाती घ्यायचा आहे.

समर्थकांची कैफियत

या व्यवस्थेच्या समर्थकांचे म्हणणे टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ते म्हणतात, लहान नोंदवह्यांचे काम तत्पर असते, त्यांचे तंत्रज्ञ जाणकार असतात, तारण ठेवणाऱ्या बँकांचे हक्क तेथे सुरक्षित राहतात. यात तथ्य आहे. परंतु तत्परता हा सरकारी कचेरीचा गुण व्हावा, ही आपली जुनीच मागणी आहे. मोटारसायकलवाल्यालाही ती तत्परता हवी आहे. त्याला ती मिळत नाही म्हणून तो केमन बेटावर जाऊ शकत नाही. कचेरी सुस्त असेल तर ती सुधारावी; तिच्या सुस्तीचा दाखला देऊन राष्ट्रीयत्वाचा लिलाव मांडू नये.

दुसरे म्हणणे असे की, लहान बेटांना उपजीविकेचे साधन हवे. अर्थशास्त्रात याला उत्पादन म्हणत नाहीत. बेट काही निर्माण करत नाही. दुसऱ्या राष्ट्राच्या तिजोरीत जाणारे शंभर रुपये अडवण्याची सोय करून देते आणि त्याबद्दल दोन रुपये दलाली घेते. उरलेले अठ्ठ्याण्णव ज्याच्या खिशात राहतात तो बेटावर राहत नाही. मग ज्या सरकारचे शंभर रुपये गेले ते काय करते? साबण, औषध, कपडा यांवरील अप्रत्यक्ष कराकडे वळते, किंवा दवाखान्याच्या खाटा कमी करते. चल भांडवल आणि अचल श्रमिक यांच्यातील करांच्या विषम विभागणीचे याहून सरळ गणित नाही.

तिसरे म्हणणे, हे सारे कायदेशीर आहे. आमचा आक्षेप नेमका त्या कायद्यालाच आहे.

आपल्या दारात

ही कथा परदेशाची म्हणून आपण स्वस्थ बसावे, अशी स्थिती नाही. पुद्दुचेरीत कर कमी म्हणून तेथील खोट्या पत्त्यांवर केरळातील श्रीमंतांनी आपल्या आलिशान मोटारी नोंदवल्याची प्रकरणे २०१७मध्ये उजेडात आली. युक्ती तीच, मजला खालचा. विमानांबाबतही भारतात कागदावरचा धंदा उभा राहिलेला आहे. २००७-०८च्या अर्थसंकल्पात खाजगी विमानांच्या आयातीवर कर बसवण्यात आला आणि वेळापत्रकानुसार चालणाऱ्या प्रवासी सेवा त्यातून वगळण्यात आल्या. काही आठवड्यांतच, मे २००७मध्ये, वेळापत्रकाविना चालणाऱ्या भाड्याच्या विमानसेवांनाही सूट मिळाली. पुढे अनेक उद्योगसमूहांनी भाड्याच्या सेवेचा परवाना दाखवून करमाफीने विमाने आणली आणि ती आपल्याच संचालकांच्या दिमतीला ठेवली, असा आरोप ठेवून कस्टम खात्याने नोटिसा काढल्या. खटले वर्षानुवर्षे चालले आणि २०२२मध्ये न्यायाधिकरणाच्या विस्तारित पीठाचा कौल विमानधारकांच्या बाजूने गेला.

सप्टेंबर २०२५मध्ये वस्तू व सेवा कराच्या दरांची फेरमांडणी झाली. वैयक्तिक वापराच्या विमानावर ४० टक्के, इतर विमानांवर ५ टक्के. धनिकांच्या चैनीवर जबर कर बसला म्हणून आनंद मानण्यापूर्वी ‘वैयक्तिक वापर’ या दोन शब्दांकडे पाहावे. ३५ टक्क्यांचे अंतर या दोन शब्दांवर तोलून धरले आहे. आइल ऑफ मॅनवर जे भाडेपट्ट्याने साधले, ते येथे परवान्याच्या एका कागदाने साधणार नाही, याची तजवीज कोठे आहे?

काय मागावे

आपल्या मागण्या चार असाव्यात. पहिली, १९१९चे तत्त्व आजच्या स्वरूपात परत यावे: ज्याच्या उपभोगासाठी विमान आहे तो जेथे राहतो, किंवा ते वर्षातील बहुतेक काळ जेथे उभे राहते, तेथेच त्याची नोंदणी व्हावी. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मंडळावर भारत आहे. त्याने हा ठराव तेथे मांडावा. दुसरी, खऱ्या लाभधारकाचे नाव नोंदवहीत उघड असावे. शिकागो कराराच्या २१व्या कलमानुसार, एका राष्ट्राने मागितल्यास दुसऱ्याने विमानाच्या मालकीची माहिती देणे आजही बंधनकारक आहे. आपले सरकार ती किती वेळा मागते, हे खासदारांनी संसदेत विचारावे. तिसरी, ‘वैयक्तिक वापर नाही’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी सवलत घेणाऱ्यावर असावी आणि सवलतीच्या प्रत्येक विमानाच्या उड्डाणांचा व भाड्याचा वार्षिक तपशील प्रसिद्ध व्हावा.

चौथी मागणी प्रवासावरील करासंबंधी. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासानुसार २०२३ या एका वर्षात जगातील खाजगी विमानांनी सुमारे १.५६ कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. २०१९च्या तुलनेत ही वाढ ४६ टक्के आहे, आणि जवळजवळ निम्मी उड्डाणे ५०० किलोमीटरच्या आतली होती. म्हणजे मुंबई ते नागपूर एवढेही अंतर नाही. जून २०२५मध्ये सेव्हिल येथे फ्रान्स, स्पेन, केनिया, बार्बाडोस आदी देशांनी खाजगी विमाने आणि वरच्या वर्गाचा प्रवास यांवर ऐक्य-कर बसवण्यासाठी आघाडी उभारली. असा कर उड्डाणाच्या जागीच घेतला जातो. विमान कोठे नोंदले आहे याला तेथे महत्त्व उरत नाही. भारताने त्या आघाडीत सामील व्हावे.

या मागण्या उद्याच मान्य होतील, असे कोणी मानणार नाही. पण करासंबंधीचा कोणताही लढा लोकांना तो कर समजावून सांगण्यापासून सुरू होतो. तालुक्याच्या अभ्यासमंडळांत अर्थसंकल्पाची चर्चा आपण करतोच. यंदा त्यात हा विषयही घ्यावा. आपण विकत घेतलेल्या प्रत्येक वहीवर, प्रत्येक गोळीवर आपल्या गावचा, आपल्या राज्याचा, आपल्या देशाचा शिक्का असतो, आणि तो पुसण्याची मुभा आपल्याला नाही. ज्यांनी ती मुभा विकत घेतली आहे, त्यांना याच देशाचे रस्ते, धावपट्ट्या, पोलीस आणि न्यायालये वापरण्याचा खर्च द्यायला लावणे, एवढेच आपण मागत आहोत. समाजवादाची ही कमाल मर्यादा नव्हे. नागरिकत्वाची ही किमान अट आहे.